उडा, पण उतरू नका

शहराचं थ्रीडी मॉडेल तयार झालं, मोठ्या पडद्यावर गरागरा फिरवून दाखवलं, टाळ्याही पडल्या. अभिनंदन! आता एकच पथ्य पाळा. त्या मॉडेलला काही म्हणजे काही विचारू नका.

दिसायला ही वस्तू गोंडस, पण आतून भलतीच चोंबडी. विमानातून लेझरचे झोत सोडून आणि हजारो फोटो एकमेकांशी जुळवून ती बनते. त्यामुळे कुठली इमारत किती उंच, छपराचा उतार कुठल्या बाजूला, रस्ता नेमका कुठे आवळतो, हे सगळं तिच्या पोटात असतं. नव्या टॉवरची सावली शाळेच्या मैदानावर किती वाजता चढेल, वारा कुठल्या कोपऱ्यावर अंगावर येईल, कुणाच्या गॅलरीतून दिसणारा डोंगर गायब होईल, हे ती सांगू शकते. विचारलं तर. म्हणून मॉडेल हे चित्र म्हणून वापरावं. चित्र उलटून बोलत नाही.

प्रेझेंटेशनची सुरुवात ढगांतून करा. कॅमेरा निदान तीनशे मीटरवर हवा, मागे हलकं संगीत, आणि सूर्य नुकताच उगवलेला. या उंचीवरून जगातलं कुठलंही शहर सुंदर दिसतं, कारण इथून कचरा दिसत नाही, फुटपाथ तुटलेला दिसत नाही आणि माणूस तर अजिबात दिसत नाही. याला थोर परंपरा आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात, १६६८ पासून, तटबंदीच्या शहरांच्या प्रतिकृती बनवायला सुरुवात झाली. राजाने वरून बघायचं आणि वेढा कसा घालायचा ते ठरवायचं. १९६४ च्या जागतिक प्रदर्शनासाठी रॉबर्ट मोझेस यांनी अख्खं न्यूयॉर्क १:१२०० या प्रमाणात करवून घेतलं आणि प्रेक्षकांना त्याभोवती हेलिकॉप्टरची लुटुपुटूची सफर घडवली. राजा असो की नगररचनेचा सर्वेसर्वा, शहर पायाखाली दिसलं की निर्णय भराभर सुचतात.

ब्राझीलची नवी राजधानी ब्राझिलिया १९६० मध्ये सुरू झाली. तिचा आराखडा आकाशातून पंख पसरलेल्या विमानासारखा दिसतो. डॅनिश वास्तुविशारद यान गेल यांनी या प्रकाराला ‘ब्राझिलिया सिंड्रोम’ असं नाव देऊन टाकलं. म्हणजे वरून देखणं, खाली चालणाऱ्याला परकं. गेल यांचा दोष एवढाच की ते खाली उतरले. तुम्ही ती चूक करू नका. जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटर, म्हणजे चालणाऱ्याच्या डोळ्यांची उंची, हा तुमच्या मॉडेलमधला सर्वांत धोक्याचा इलाका आहे. तिथे कॅमेरा गेला की तुमच्या ‘प्रतिष्ठित संकुला’चे खालचे चार मजले पार्किंगचे आहेत, आणि रस्त्याकडेला शंभर मीटर नुसती कोरी भिंत आहे, हे उघडं पडतं. त्या भिंतीकडेने संध्याकाळी एकटं चालायला कसं वाटेल, हे कळायला मग तज्ज्ञ लागत नाही.

काही लोकांनी हा उद्योग फार पूर्वीच करून ठेवला आहे. सत्तरच्या दशकात, संगणक असं काही काढू शकायच्या आधी, बर्कलीच्या विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने सॅन फ्रान्सिस्कोच्या लाकडी-पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत पेरिस्कोपचं भिंग असलेला कॅमेरा घातला, आणि तो पादचाऱ्याच्या नजरेने गल्ल्यांतून फिरवला. पुढे त्याच प्रयोगशाळेने ऊन आणि वाऱ्याचेही हिशेब मांडले. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी कायदाच करून टाकला: ४० फुटांहून उंच इमारतीची नवी सावली महापालिकेच्या बागेवर लक्षणीय प्रमाणात पडणार असेल, तर परवानगी सहजासहजी मिळणार नाही. लोकांना सावली आधी दिसली की असं होतं.

तेव्हा सावलीचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण खरी कारागिरी इथेच आहे. सावली दाखवायची नाही असं करू नका, संशय येतो. दाखवायची, पण मुहूर्त आपण काढायचा. लंडनच्या अक्षांशावर १०० मीटर उंचीची इमारत घ्या. २१ जूनला मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ६२ अंशांवर असतो आणि सावली पडते जेमतेम ५३ मीटर. २१ डिसेंबरला मध्यान्हीच तो १५ अंशांवर घुटमळत असतो आणि तीच सावली पावणेचारशे मीटरच्या घरात जाते. इमारत तीच, सूर्य तोच, फरक सात पटींचा. आता तुमच्या अहवालात कुठली तारीख छापायची हे मी सांगायला हवं का? आणि कुणी हिवाळ्याचा आग्रह धरलाच, तर ॲनिमेशन करा. सूर्योदय ते सूर्यास्त सहा सेकंदांत. सावली घरांवरून मांजरासारखी सरसरत निघून जाते आणि बघणाऱ्याला वाटतं, एवढंच? ती अमक्याच्या खिडकीवर तीन तास बसून होती, हे सहा सेकंदांत कुणाच्या बापाला कळणार नाही.

लेन्सचाही उपयोग करून घ्या. वाइड अँगल लावला की मागचा टॉवर लाजून लहान होतो. ब्रिटनच्या लँडस्केप इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शक सूचना अशा चित्रांसाठी ५० मिलिमीटरच्या लेन्सचा आग्रह धरतात, तो याच भानगडीमुळे. त्या वाचू नका.

तपशिलाच्या पातळ्या मात्र जरूर वाचा. शहरांच्या मॉडेलसाठी सिटीजीएमएल नावाचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण २००८ पासून आहे. त्यात इमारत किती बारकाईने दाखवायची याच्या पातळ्या ठरवल्या आहेत. पहिल्या पातळीवर नुसता ठोकळा, दुसऱ्या पातळीवर छपराचा आकार येतो, तिसऱ्या पातळीवर दारं-खिडक्या. बिचाऱ्यांचा हेतू होता की कुठल्या कामाला किती बारकावा पुरेल हे सगळ्यांना कळावं. तुम्हाला त्याचा याहून चांगला उपयोग आहे. आपला प्रकल्प तिसऱ्या पातळीवर करा. काचेत ढगांचं प्रतिबिंब, गच्चीवर बाग, गॅलरीत कुंड्या. आणि शेजारची सगळी वस्ती पहिल्या पातळीवर ठेवा, करड्या रंगाचे ठोकळे म्हणून. करड्या ठोकळ्यात कुणी राहत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. त्याला खिडकी नसते, म्हणून त्या खिडकीतला उजेडही जात नाही.

झाडं लावताना हात आखडू नका. रोप लावल्यापासून वीस वर्षांनी जे झाड होईल, ते उद्घाटनाच्याच दिवशी उभं दाखवा. तळघरातल्या पार्किंगच्या स्लॅबवर फूटभर माती असेल आणि तिथे वडाएवढं झाड तगणार नसेल, तर तो झाडाचा प्रश्न आहे. माणसंही पेरा: सायकलवाली मुलगी, फुगा घेतलेलं पोर, लॅपटॉप उघडून बाकावर बसलेला तरुण. म्हातारं माणूस एखादंच, तेही हसरं. जिन्यापाशी थबकलेली व्हीलचेअर नको.

उंचीचे आकडे नेहमी दोन दशांश स्थळांपर्यंत द्या. वस्तुस्थिती अशी की बऱ्याच मॉडेलांत इमारतीची उंची मोजलेलीच नसते. कागदोपत्री असलेले मजले गुणिले तीन मीटर, असा तो हिशेब असतो. पण ‘साधारण पंचेचाळीस मीटर’ म्हटलं की चार जण विचारतात, साधारण म्हणजे किती? ‘४५.२७ मीटर’ म्हटलं की सगळे माना डोलावतात. चुकीची शक्यता किती, हा रकाना मॉडेलमध्ये ठेवूच नये. मॉडेल कुठल्या वर्षीच्या उड्डाणावरून बनलं हेही कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहावं, नाहीतर पाडून झालेली चाळ पडद्यावर अजून उभी का, असं विचारायला लोक मोकळे.

पुराच्या बाबतीत जरा जपून. इथे मॉडेल तुमच्याशीही दगाबाजी करतं. वरून घेतलेल्या उंचीच्या नोंदीत पुलाचा फक्त माथा दिसतो, खालची मोरी दिसत नाही. मग संगणकाला वाटतं, नाल्यावर धरण बांधलंय. तो पाणी पुलापाशी अडवतो आणि शेजारची वस्ती पडद्यावर बुडवून मोकळा होतो. जाणकार मंडळी असे पूल आणि मोऱ्या एकेक शोधून मॉडेलमध्ये वाट करून देतात. हे काम किचकट, वेळखाऊ आणि फोटोत न येणारं आहे. तुम्ही त्यातली सोय बघा. पूररेषा आपल्या जागेवरून गेली तर म्हणा, मॉडेलला मोरी दिसत नाही. दुसऱ्याच्या जागेवरून गेली तर म्हणा, मॉडेल खोटं कसं बोलेल? जमिनीखालच्या वाहिन्यांची नोंद विश्वासार्ह नसेल, तर मॉडेलखाली निळ्या-लाल नळ्या काढून टाका. दिसायला फार शास्त्रीय दिसतात. पहिला जेसीबी लागेपर्यंत कुणी तक्रार करत नाही.

आता वारा आणि ऊन. लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटवर एक अंतर्वक्र काचेचा टॉवर आहे, लोक त्याला ‘वॉकी-टॉकी’ म्हणतात. २०१३ च्या उन्हाळ्यात त्याच्या काचांनी सूर्यकिरण एकवटून रस्त्यावर सोडले. खाली उभ्या असलेल्या एका जॅग्वार गाडीचे भाग वितळले आणि एका पत्रकाराने फुटपाथवर अंडं तळून दाखवलं. पुढच्या वर्षी दर्शनी भागावर ऊन अडवणाऱ्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. याच वास्तुविशारदाचं लास व्हेगासमधलं एक वक्र हॉटेल आधीच पोहण्याच्या तलावाकाठच्या पाहुण्यांना चटके देऊन बदनाम झालं होतं. सूर्य कुठल्या दिवशी किती वाजता कुठे असेल हे पंचांगवाल्यांनाही ठाऊक असतं. मॉडेलमध्ये काचेचा आकार आणि सूर्याचा मार्ग घातला की किरण कुठे जमतील याचं उत्तर निघतं. पण प्रकल्पाला ‘आयकॉनिक’ म्हणायचं असेल तर आधी मंजुरी, मग काच, मग बातमी, मग पट्ट्या हाच क्रम बरा. पट्ट्यांची निविदा वेगळी निघते, हेही विसरू नका.

मॉडेल कुणाला द्यायचं, हा शेवटचा नाजूक विषय. या बाबतीत युरोपातल्या काही शहरांनी अगदी ताळतंत्र सोडलं आहे. हेलसिंकीने आपलं मॉडेल खुलं करून टाकलं. बर्लिनने साडेपाच लाखांच्या आसपास इमारतींचं मॉडेल कुणालाही उतरवून घेऊ दिलं. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या विद्यापीठातल्या मंडळींनी देशातल्या सुमारे एक कोटी इमारतींची त्रिमितीय माहिती नेटवर ठेवली आणि ती ताजीही ठेवतात. परिणाम काय? कुणी विद्यार्थी छपरांवर किती सौरऊर्जा मिळेल ते काढतो, कुणी घराघरात रस्त्याचा आवाज किती पोचतो ते मोजतो. म्हणजे ज्याला कुणी विचारलं नव्हतं तोही उत्तरं द्यायला लागतो. सिंगापूरने २०१४ मध्ये जाहीर केलेल्या ‘आभासी सिंगापूर’ या अख्ख्या देशाच्या थ्रीडी मॉडेलला ७.३ कोटी सिंगापूर डॉलर बाजूला काढले होते. तेवढा आकडा मात्र निविदेच्या प्रस्तावनेत घाला. ‘सिंगापूरच्या धर्तीवर’ हे दोन शब्द असल्याशिवाय फाइल हलत नाही.

तुमचं मॉडेल एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडेल असं करा. लायसन्स एकच घ्या. ते ज्या संगणकावर आहे, तो ज्या खोलीत आहे, त्या खोलीची किल्ली सल्लागाराकडे असू द्या. माहिती अधिकारात कुणी मागितलंच तर छापील प्रत द्या. थ्रीडी मॉडेलची छापील प्रत हा मराठी प्रशासनाचाच नव्हे, जगभरच्या प्रशासनाचा आवडता कलाप्रकार आहे.

एवढं सगळं पाळूनही सुनावणीत एखादी बाई उठेल. तिच्या हातात फाइल नसेल, कागद नसेल. ती म्हणेल, “साहेब, तो कॅमेरा जरा खाली घ्या. डावीकडचा तो करडा डबा दिसतोय ना, ते आमचं घर. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी न्या. तारीख डिसेंबरची टाका, वेळ दुपारची तीन.”

इथे सगळा खेळ माउस धरून बसलेल्या मुलाच्या हातात असतो. तुम्ही, सल्लागार आणि व्यासपीठावरचे सगळे गप्प असताना त्याचा हात आपसूक सरकतो. तारखेचा रकाना उघडायला त्याला दोन सेकंद लागतात, खिडकीपाशी जायला दहा. शिकलेला असतो, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मॉडेलमध्ये आहे हे त्याला माहीत असतं, आणि उत्तर द्यायचं असतं अशी त्याची बालसुलभ समजूत असते. त्याला वेळीच फोन आल्यासारखं करून बाहेर बोलवा. बाईंना सांगा की ही तांत्रिक बाब आहे, तपासून लेखी कळवू. इतिवृत्तात ‘नागरिकांनी मॉडेलचे कौतुक केले’ असं लिहून घ्या. त्या मुलाने तेवढ्यात स्क्रीनशॉट काढला असेल तर तो आधी डिलीट करून घ्या, आणि पुढच्या सुनावणीपासून त्याला पार्किंगच्या मॉडेलवर बसवा.