‘कारकून’ म्हणणाऱ्या वाचकांना

नमस्कार. इटालियन संगीतकार वर्दीच्या ऑपेरांच्या संहिता लिहिणाऱ्या फ्रांचेस्को मारिया पियावेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘वर्दीनं सांगायचं आणि यानं उतरवून घ्यायचं. असल्या कारकुनाचं एवढं कौतुक कशाला? जरा वाचून लिहीत जा.’

मतभेद असू देत, पण ‘जरा वाचून लिहीत जा’ ही काय बोलायची रीत झाली? हौशी संगीत नाटकांसाठी आधी बांधलेल्या चालींवर पदं लिहिण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. तालमीत पेटीवाल्यानं ‘इथे दोन मात्रा जास्त होताहेत’ म्हटलं की अख्खं कडवं कसं मोडावं लागतं, हे मला कोणी सांगायला नको.

पियावेनं लिहिलेल्या ‘मॅकबेथ’ ऑपेराच्या काही भागांवर वर्दीनं कवी आंद्रेआ माफेईकडून हात फिरवून घेतला, हे तुमचं म्हणणं मान्य. वर्दी पत्रांतून पियावेला फैलावर घ्यायचा, हेही खरं.

पण म्हणून कारकून? या दोघांच्या ‘रिगोलेत्तो’ ऑपेराचंच बघा. व्हिक्टर ह्यूगोचं मूळ नाटक पाच अंकी, पॅरिसमध्ये 1832 साली एका प्रयोगानंतर बंद पडलेलं. व्हेनिसवर तेव्हा ऑस्ट्रियाचा अंमल. डिसेंबर 1850 मध्ये तिथल्या सेन्सॉरनं ऑपेराला बंदी घातली. त्यानंतरच्या पहिल्या तडजोडीत नायक विदूषकाचं कुबड गेलं, त्याच्या मुलीचं प्रेत घातलेलं पोतंही गेलं; वर्दीनं ते साफ धुडकावलं. मग पियावे पुन्हा बसला. फ्रान्सचा राजा मांतुआचा ड्यूक झाला, पण कुबड राहिलं, पोतंही राहिलं. 11 मार्च 1851 ला व्हेनिसच्या ला फेनिचे नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. पाच अंकांचे तीन झाले होते. शेवटी विदूषक बाप, आत ड्यूकचं प्रेत आहे असं समजून, पोतं ओढत नेत असतो, सूड पुरा झाला म्हणून खूश असतो, आणि लांबून ड्यूकचं आधी गायलेलं तेच गाणं ऐकू येतं: बाई म्हणजे वाऱ्यावरचं पीस. ड्यूक जिवंत आहे, मग पोत्यात कोण? प्रसंग ह्यूगोचा आहे, सूर वर्दीचे आहेत, पण तो इतक्या थोडक्या शब्दांत बसवला कोणी? हे उतरवून घेणं नव्हे.

1867 साली पियावेला पक्षाघात झाला, वाचा गेली. वर्दीनं त्याच्या कुटुंबाला पैसे दिले, आणि 1869 मध्ये त्याच्या मदतीसाठी सहा संगीतकारांची गाणी एकत्र छापून निघाली, त्यात वर्दीचंही एक होतं. कारकुनासाठी कोणी एवढं करतं का?

उच्चार आणि लेखाची लांबी यांवरच्या तक्रारींना उत्तर देत बसत नाही. पुन्हा लिहाल तेव्हा आधी ‘रिगोलेत्तो’चा तिसरा अंक संहिता समोर ठेवून ऐका आणि मगच बोला.