विरघळणारे टाके आणि तो ‘कथील’वाला फॉरवर्ड

नाशिकमध्ये सिडकोपासून पंचवटीपर्यंत सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: विरघळणारे टाके म्हणजे कथील घालून बनवलेलं प्लास्टिक, ते अंगात मायक्रोप्लास्टिक होऊन राहतं, म्हणून डॉक्टरांकडे एन्झाइमने बनवलेले नैसर्गिक टाके मागा. गंगापूर रोडच्या एका काकूंनी सुनेच्या सिझरआधी डॉक्टरांना तो दाखवलाही म्हणे.

प्लास्टिक? हो, पॉलिमरच आहे, म्हणजे लहान रेणूंची लांब साखळी, लपवायचं काय त्यात. पॉलिग्लॅक्टिन या विरघळणाऱ्या टाक्यांच्या नेहमीच्या प्रकाराचा धागा ९० टक्के ग्लायकोलाइड, १० टक्के लॅक्टाइड, दोन्ही रिंगवाले रेणू, रिंग उघडायची नि एकाला एक जोडत जायचं. पण त्यातला जोड एस्टर नावाच्या प्रकारचा असतो आणि तो पाण्याने तुटतो, म्हणून साधारण दोन महिन्यांत धाग्याचं ग्लायकोलिक नि लॅक्टिक ॲसिड होऊन शरीर ते पचवून टाकतं. दुधाच्या पिशवीच्या पॉलिथिनमध्ये असा जोडच नाही, पाणी तोडणार काय!

कथील अर्धं खरं. रिंग उघडायला सहसा स्टॅनस ऑक्टोएट हे कथिलाचं संयुग वापरतात, चिमूटभर, मागे उरतं ते पीपीएममध्ये (दहा लाखांत किती भाग) मोजतात आणि मेडिकल ग्रेडला त्यावर मर्यादा असते. तरी शून्य नसतं, एन्झाइमकडे वळायचं हे एक कारण.

खरा घोळ एन्झाइमचाच. कॅन्डिडा अंटार्क्टिका या यीस्टचं लायपेज हे एन्झाइम मुळात चरबी तोडणारं, पण पाणी जवळपास काढून टाकलं की तेच रिंग उघडून साखळी वाढवत बसतं; लायपेजने असं होतं हे १९९३ मध्येच दाखवलंय. हे चालतं ६०-७० डिग्रीला, बऱ्याचदा टोल्युइनमध्ये, थिनरमध्ये असतं तेच! आत घातलेलं कॅप्रोलॅक्टोन, म्हणजे आणखी एक रिंगवाला रेणू, सहसा पेट्रोलियममधून आलेलं, आणि बाहेर येतं पॉलिकॅप्रोलॅक्टोन, जे कथिलानेही होतं आणि अंगातून जायला दोनेक वर्षं घेतं. लॅक्टाइडवर तर हे लायपेज रडतखडत चालतं. त्याची खरी कमाल पेंटाडेकॅलॅक्टोनसारख्या मोठ्या रिंगवर, तिथे कथील मागे पडतं, पण गंमत बघा, त्या पॉलिमरमध्ये एस्टरचे जोड लांबलांब, म्हणून ते विरघळायला महाचिवट. म्हणजे एन्झाइमने बनवलं म्हणून काही लवकर विरघळत नाही, जोड कुठला नि किती जवळजवळ ते बघावं लागतं.

आणि नैसर्गिकच हवं तर कॅटगट आहे की, मेंढ्या-गुरांच्या आतड्याचं. त्याने सूज जास्त येते, कधी विरघळेल याचा भरवसा कमी. शाकाहारी काकूंना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

डॉक्टरांना विचारायचंच तर धागा ताकद किती दिवस धरतो ते विचारा. पॉलिग्लॅक्टिनची तिसऱ्या आठवड्यात निम्म्यावर येते.