शिळ्या बातमीवर निघालेली शार्लट कोर्दे

चित्रकार दाविदच्या प्रसिद्ध चित्रात टबात मरून पडलेला ज्याँ-पॉल मारा, फ्रेंच क्रांतीतला जहाल पत्रकार आणि लोकप्रतिनिधी आहे, हातात चिठ्ठी आहे, खाली सुरी आहे. मारणारी बाई, शार्लट कोर्दे, मात्र चित्रात कुठेच नाही. (आडनाव खरंच मारा. मराठीत ते विचित्र वाटतं, इलाज नाही.)

शार्लट कोर्देला कुणी देवी करतं, कुणी माथेफिरू. माझ्या मते ती हुशार होती, धीट होती आणि तिची माहिती दीड महिना शिळी होती.

जन्म १७६८ चा, नॉर्मंडीतल्या पडत्या काळातल्या सरदार घराण्यातला. नाटककार कॉर्नेयची वंशज. शिक्षण काँ शहरातल्या मठात, वाचन प्लुटार्क आणि रूसोचं. राजाच्या बाजूची समजू नका, क्रांतीच्या आधीपासून आपण प्रजासत्ताकवादी आहोत असं ती सांगायची. २ जून १७९३ ला पॅरिसच्या सशस्त्र जमावाने कन्व्हेन्शनला, म्हणजे क्रांतीच्या संसदेला, वेढा घालून जिरोंदिन या मवाळ गटाच्या पुढाऱ्यांना अटकेत टाकायला लावलं. त्यातले काही निसटून काँला आले. त्यांची भाषणं ऐकून तिच्या मनात एक समीकरण बसलं: मारा गेला की रक्तपात थांबेल.

बेत होता भर कन्व्हेन्शनमध्ये, सगळ्यांदेखत मारायचा. ९ जुलैला तिने घोडागाडी पकडली, ११ ला पॅरिस गाठलं. तिथे कळलं की मारा जूनपासून सभागृहात येतच नाही. कातडीच्या आजाराने बेजार होऊन टबात बसून लिहीत असतो. म्हणजे तिच्या मनातला सर्वशक्तिमान राक्षस प्रत्यक्षात घराबाहेरही पडत नव्हता. इथे थांबून फेरविचार करता आला असता. तिने फक्त जागा बदलली.

१३ जुलैला पॅले-रॉयालमधल्या दुकानातून ४० सूला स्वयंपाकघरातली सुरी घेतली. सकाळी घरी गेली तर दारातूनच परत पाठवलं. मग शहराच्या टपालाने चिठ्ठी धाडली की काँच्या कटाची माहिती देते. संध्याकाळी पुन्हा गेली. माराची जोडीदार सिमोन एव्हरार आत सोडेना, पण वादाचा आवाज ऐकून माराने स्वतःच आत बोलावलं. ती नावं सांगत गेली, तो उतरवून घेत गेला आणि म्हणाला, या सगळ्यांना लवकरच गिलोटिनवर चढवू. छातीत एकच वार.

ती पळाली नाही. पुढचे चार दिवस एकच प्रश्न: तुला कुणी पाठवलं? एकटी बाई स्वतःच्या डोक्याने हे करेल यावर न्यायाधिकरणाचा विश्वास बसेना. पॅरिसमध्ये ती जिरोंदिन प्रतिनिधी द्यूपेरेला भेटली होती, ओळखीचं शिफारसपत्र घेऊन. ती भेट त्याच्या गळ्याला फास ठरली. माझा तिच्यावरचा मोठा आक्षेप इथेच आहे. स्वतःचा जीव तिने हिशेबात धरला होता, दुसऱ्यांचा नाही.

१७ जुलैला सकाळी खटला, संध्याकाळी गिलोटिन. पंचविशी पूर्ण व्हायला दहा दिवस बाकी होते. कापलेलं डोकं उचलून एका सुताराने गालावर थप्पड मारली. त्याबद्दल त्यालाही तुरुंगात टाकलं. क्रांतीत शिष्टाचार कुठे जिवंत राहतात ते बघा!

आणि समीकरणाचं काय झालं? माराचं हृदय कॉर्देलिये क्लब या क्रांतिकारकांच्या मंडळात टांगलं गेलं. आजारी पत्रकाराचा हुतात्मा झाला. सप्टेंबरमध्ये नुसत्या संशयावरून अटक करू देणारा संशयितांचा कायदा आला आणि दहशत राज्यकारभाराची रीत झाली. गंमत म्हणजे जिरोंदिनांचं नॉर्मंडीतलं सैन्य ज्या दिवशी ब्रेकूरला उधळलं गेलं तो दिवसही १३ जुलैच. काँमधल्या तिच्या मित्रांची बाजी तिने वार केला त्याच दिवशी बुडाली होती.

अबाये तुरुंगातून तिने त्यांच्यातल्याच बार्बारूला पत्र लिहायला घेतलं. मथळ्याशी जागा लिहिली: ब्रिसोची पूर्वीची खोली (ब्रिसो हा जिरोंदिनांचा एक पुढारी). आणि तारखेच्या जागी: शांततेच्या तयारीचा दुसरा दिवस. ३१ ऑक्टोबरला जिरोंदिनांचा मोठा गट एकाच दिवशी गिलोटिनवर गेला. त्यात द्यूपेरे होता, आणि त्या खोलीत आधी राहिलेला ब्रिसोही.