गाडी बंद करा, बातम्या लागल्या

सकाळच्या प्रादेशिक बातम्यांच्या वेळी आमची जीप रस्त्याच्या कडेला बंद उभी असायची. बिघडलेली नसायची. आत मी आणि बाबा काचा वर करून, श्वास रोखून डॅशबोर्डातल्या रेडिओकडे झुकलेलो असायचो. पण रस्त्यानं जाणाऱ्याला हे कसं कळावं?

"काहून भाऊ, डिझल सरलं काय?" एकदा वडकीच्या अलीकडं एकानं काचेवर टकटक केली. बाबांनी तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं. त्याला वाटलं, आत पेशंट आहे. त्यानं मागून येणाऱ्या दोघांना हाक मारली, आणि आमच्याकडं माणसाला मदत करायची उबळ आली की ती थांबवता येत नाही. तिघांनी मिळून जोर लावला. हँडब्रेक मी ओढलेला नव्हता. हवामानाचा अंदाज ऐकत आम्ही शंभरेक पावलं हिंगणघाटच्या दिशेनं सरकलो. "विदर्भात तुरळक ठिकाणी" इथपर्यंत ऐकू आलं, पुढचं मागच्या "अजून जोर लावा ना बाप्पा!" मध्ये गेलं.

हे सगळं पुतण्यामुळं.

जीप आम्ही जुनी घेतली, पण तिच्यातला काट्याचा रेडिओ ठणठणीत होता. त्यावर ५८५ किलोहर्ट्झ, म्हणजे आकाशवाणीचं नागपूर केंद्र, जिथं लागतं तिथं आईनं कुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं. केंद्र १९४८ सालचं. बाबा त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, म्हणून ते त्याला थोरल्या भावाचा मान देतात. तर हा पुतण्या दिवाळीत नागपूरहून एक पिशवी घेऊन आला. दोन भोकांचा मोबाइल चार्जर, समोरच्या काचेला चिकटवायचा कॅमेरा, मागचं दाखवणारा दुसरा कॅमेरा आणि दिवसाही पेटणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या. दुपारभर गाडीखाली लोळून त्यानं सगळं बसवलं. गाडी नवरदेवासारखी दिसू लागली आणि रेडिओ मुका झाला. मुका नाही खरं तर. चावी फिरवली की "कर्रर्र", गिअर टाकला की "घूंऽऽ", आणि ॲक्सिलेटर दाबला की तो घूं सूर चढवत जाई. चाळीसच्या वेगाला मंद्र सप्तक, साठला मध्य. सत्तरच्या पुढं आमची जीप जात नाही, नाहीतर तार सप्तकही ऐकलं असतं.

तालुक्याच्या मेकॅनिकनं न पाहता निदान केलं. "प्लगची ठिणगी असन. प्लग बदलवा."

"अबे, डिझल गाडीले कुठचा प्लग?" बाबा म्हणाले. मेकॅनिकनं बोनेट उघडलं, आत पाहिलं आणि प्लग नाही याबद्दल गाडीलाच दोष दिला.

या काळात बाबांनी एक नवी विद्या कमावली. खरखरीत गेलेला शब्द ते स्वतः भरत. मला "कापसाला क्विंटलमागे कर्रर्र हजार कर्रर्रशे" एवढंच ऐकू येई. बाबा शांतपणे म्हणत, "सात हजार नऊशे. म्या ऐकलं." दुसऱ्या दिवशी त्याच खरखरीचे आठ हजार होत. असा भाव चढत असताना कापूस विकतो कोण? घरातली एक खोली छतापर्यंत भरली, आणि रात्री सगळे अंग खाजवत झोपू लागलो.

शेवटी गावातल्या जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडं गेलो. दुकान केव्हाच बंद झालंय, पण टेस्टर अजून खिशात असतो. त्यांनी इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवायला लावली. कर्रर्र आलीच. "घूं थे अल्टरनेटरची हाये, बॅटरी भरणाऱ्या डायनामोची, इंजिनासंगं फिरते," ते म्हणाले. "कर्रर्र याची." आणि चार्जरकडं बोट दाखवलं.

त्यांनी समजावलं ते असं. बॅटरी बारा व्होल्टची, मोबाइलला हवेत पाच. मधले उतरवायला चार्जर आतल्या आत वीज चालू-बंद, चालू-बंद करत राहतो, सेकंदाला लाख-दीड लाख वेळा. आणि गप्प एकाच आकड्यावर बसत नाही, पाढा म्हणतो. शाळेत आम्ही दीडकी घोकली होती तशी. दीड लाख, तीन, साडेचार, सहा! नागपूर केंद्र बसलंय सेकंदाला पाच लाख पंच्याऐंशी हजार लाटांवर. स्वस्त चार्जर तर पाढाही नीट म्हणत नाही, अलीकडं-पलीकडं सांडत जातो. त्यात नागपूर केंद्र लागतं त्या मीडियम वेव्हवर सगळा निरोप लाटेच्या उंचीत असतो, म्हणजे मध्ये कोणीही ओरडलं की ते निरोपातच मिसळतं. एफएमचं तसं नाही, पण एफएम बाबांना चालत नाही. तिथले लोक फार हसतात म्हणे.

मला राहून राहून एकच वाटत होतं. तिकडं तीनशे किलोवॅटचा ट्रान्समीटर, इकडं दीडशे रुपयांचा चार्जर. आणि जिंकत होता चार्जर!

मग एकेक फ्यूज काढायचा कार्यक्रम झाला. बाबा आत न्यायाधीशासारखे बसलेले. फ्यूज निघाला की हात वर किंवा खाली. पट्ट्या दोषी, समोरचा कॅमेरा दोषी, चार्जर महादोषी. मागचा कॅमेरा निर्दोष सुटला, कारण त्याचं कनेक्शन पहिल्या दिवसापासून लागलेलंच नव्हतं. ॲन्टेनाच्या बुडाशी गंज होता, तो पॉलिश पेपरनं घासला, तशी घूं निम्मी झाली. पुतण्याच्या मेलेल्या संगणकाच्या वायरीला उंदीर गिळलेल्या सापासारखी जी गाठ असते, ती हातोडीनं फोडली. आत काळी नळी निघाली. फेराइट म्हणतात तिला, वायरीतून येणारी खरखर ती अडवते. पहिलीचे खडीसारखे तुकडे झाले, दुसरी शाबूत निघाली. तिच्यातून कॅमेऱ्याच्या वायरीचे तीन वेढे घेतले. पट्ट्या उतरवल्या. चार्जर टाकून द्यायला मात्र पुतण्या तयार होईना. "आबाजी, मंग मोबाइल कायनं चार्ज करू?" तह असा झाला की बातम्यांपुरता चार्जर उपसून खिशात ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी गाडी चालू, वेग पन्नास, आणि निवेदिकेचा आवाज असा स्वच्छ की ती मागच्या सीटवर बसलीय असं वाटावं. बाबांचा चेहरा उजळला. बातम्या झाल्या, हवामान झालं, मग बाजारभाव लागले. तूर, सोयाबीन. मग कापूस. क्विंटलमागे सहा हजार आठशे. एकही अक्षर गळलं नाही.

बाबा बराच वेळ खिडकीबाहेरच्या पऱ्हाटीकडं पाहत राहिले.

"काढ थो पोट्ट्याचा चार्जर खिशातून," ते म्हणाले. "लाव बरं."