डावीकडची कोंडी

मूल होत नाही म्हटलं की तपासणीचा पहिला मान बायकोचा. तिचं रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहायला एक्स-रेही झाला. सगळं नॉर्मल. मग डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गाडी काढायला सांगतायत. "आता यांचं सीमेन अ‍ॅनालिसिस करू," त्या म्हणाल्या. म्हणजे वीर्याची तपासणी. अशा साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण सापडतं म्हणे. आमच्या खानदानात हे कुणी कुणाला सांगितलेलं नाही. तिथे अजून उपास बायकाच धरतात.

दोन ते सात दिवसांचं ब्रह्मचर्य आणि मग नमुना. लॅबमधली 'खोली' म्हणजे संडासच होता. आत 'नळ नीट बंद करा' अशी पाटी आणि बाहेर दार वाजवणारे एक आजोबा. अशा वातावरणात माणसाचं मन लागत नाही. "मग घरून आणा," काउंटरवरची मुलगी म्हणाली, "पण तासाभरात पोचवा. गार होऊ देऊ नका, उन्हात तापवू नका. अंगाच्या उबेत ठेवा."

तासाभरात सिंहगड रोडवरून डेक्कनला! डबी शर्टाच्या आतल्या खिशात घालून निघालो, तर गेटवरच शेजारचे काका. "डेक्कनलाच ना? चल, मीही येतो." मागे बसले. राजाराम पुलाच्या अलीकडे गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असताना मी सारखा छातीला हात लावून बघत होतो.

"खिशात काय रे? डबी? तंबाखू धरलीस की काय?"

मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार? मग पूल ओलांडून डेक्कन येईपर्यंत तंबाखूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान ऐकलं.

काउंटरवर पुन्हा तीच मुलगी. "युरिन का?" नाही. "स्टूल?" आवाज असा, की रांगेतले सगळे मोबाइलमधून वर बघायला लागले. फॉर्मवर नमुना काढल्याची वेळ लिहायची होती. 'काही भाग सांडला का?' असाही एक रकाना होता.

रिपोर्ट आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये किमान 1 कोटी 60 लाख शुक्राणू हवेत. माझे 60 लाख. साठ लाख असूनही नापास होणारी ही जगातली एकमेव परीक्षा असावी. उलट शुक्राणूंच्या आकाराच्या पेपरात शंभरातले 4 धड असले तरी चालतात. हा पेपर काढणाऱ्याला मी मानतो.

पुढे यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मूत्रमार्गाचे आणि पुरुषांच्या असल्या तक्रारींचे डॉक्टर. "उभे राहा, पँट खाली, आता जोरात कुंथा." एरवी ही क्रिया आपण दार लावून करतो. मग त्यांनी ड्रॉवरमधून चक्क एक माळ काढली. लहानापासून मोठ्यापर्यंत अंड्याच्या आकाराचे मणी, प्रत्येकावर आकडा: 1 मिलिलिटरपासून 25 पर्यंत. एका हातात मणी, दुसऱ्या हातात मी, असा मापाचा ताळा सुरू झाला. जप करताना लोक डोळे का मिटतात ते तेव्हा समजलं.

"व्हेरिकोसील," डॉक्टर म्हणाले. अंडकोशाच्या शिरा फुगतात, रक्त तुंबतं, तिथली उष्णता वाढते. त्या कारखान्याला शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी गार जागा लागते, म्हणून तर निसर्गाने तो घराबाहेर टांगलाय. शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना हे असतं आणि पुष्कळांना त्याचा पत्ताही नसतो. बहुतेक वेळा डावीकडेच, कारण उजवी शीर थेट मोठ्या शिरेला तिरकी मिळते, तर डावी लांबून येऊन किडनीच्या शिरेला काटकोनात धडकते. थोडक्यात, गल्ली थेट पुण्याच्या गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्यावर निघते. तुंबणारच!

जांघेत छोटा छेद घेऊन, मायक्रोस्कोपखाली त्या शिरा बांधायचं ठरलं. फरक पडला का ते कळायला किमान तीन महिने, कारण नवा माल तयार व्हायलाच सत्तरेक दिवस लागतात. "तोवर मांडीवर लॅपटॉप नको, कढत पाण्याच्या आंघोळी नकोत," डॉक्टर म्हणाले. बायकोने हे लिहून घेतलं. "आणि उपास?" तिने विचारलं. डॉक्टरांना कळेना.

घरी सांगायचं काय? "हर्निया सांगू," ती म्हणाली. "जागा तीच आहे." आईने संध्याकाळपर्यंत ही बातमी साताऱ्यापर्यंत पोचवली. रात्री मामांचा फोन: "ऑपरेशन अजिबात करू नकोस! मी वीस वर्षं हर्नियाच्या पट्ट्यावर काढली." कालच कुरिअर आलं. पट्टा मामांचा स्वतःचा आहे, धुऊन पाठवलाय.