धामापूरला बोटिंग नाही, म्हणून काय बिघडलं?

मे महिना लागला की आमच्या घरगुती खोल्यांसाठी फोन सुरू होतात आणि तिसऱ्या वाक्याला प्रश्न येतो, "मॅडम, तलावात बोटिंग आहे ना? स्पीडबोट वगैरे?" नाही म्हटलं की पलीकडून एक "अच्छा..." येतो. त्यातली नाराजी आता मला पाठ झाली आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते, पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

कुडाळहून मालवणकडे येताना नेरूरपारचा पूल ओलांडला, काळसे गाव मागे टाकलं की धामापूर येतं. तलाव 1530 सालचा. विजयनगरच्या अमलात इथले मांडलिक नागेश देसाई यांनी धामापूर आणि काळसे या दोन गावांच्या मदतीने तो बांधला. डोंगरांच्या मधलं पाणी बांध घालून अडवलं, काठावर भगवती देवी, मंदिरापासून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि जलनिस्सारण आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. यात 'सिंचन' हा शब्द आहे, 'सहल' नाही. तळ्याचं पाणी शेताला, माडा-पोफळीच्या बागांना जातं, मालवण शहराच्या नळालाही जातं. म्हणजे तारकर्लीला समुद्रात डुंबून आल्यावर तुम्ही अंगावरचं मीठ ज्या पाण्याने उतरवता, ते कदाचित आमच्या तळ्यातलंच असेल. त्यात पेट्रोलचा तवंग चालेल का, हे तुम्हीच सांगा.

बाहेरून येणाऱ्यांना वाटतं, कोकणात एवढा पाऊस, यांना पाण्याचं काय कौतुक? पाऊस पडतो हे खरंच, तीन हजार मिलिमीटरच्या वर. पण तो चार महिन्यांत पडतो, आणि खाली आहे जांभा. छिद्राछिद्रांचा दगड. वरून ओतलेलं पाणी झिरपतं, उताराला लागतं आणि समुद्र गाठतं. फेब्रुवारीनंतर वाड्यावाड्यांत विहिरी तळ दाखवतात, टँकरची बातमी येते. तळ्याच्या खालच्या अंगाला आम्हाला ती झळ कमी लागते. सासूबाई म्हणतात, "तळा आसा म्हणान बावीक पाणी आसा." सिंचन खात्याचा अहवाल मी वाचलेला नाही, पण मे अखेरीस आमच्या रहाटाला किती दोर लागतो आणि वरच्या वाडीला किती, एवढं मला दिसतं.

आता राहण्याबद्दल. 'लेक व्ह्यू' प्लॉटच्या जाहिराती मोबाइलवर मलाही दिसतात. फोटो नेहमी ऑक्टोबरातला किंवा नोव्हेंबरातला. तळं काठोकाठ, हिरवं रान, वर एखादा धनेश उडताना. ते खोटं नाही, त्या दिवसांत मी स्वतः चहा घेऊन बांधावर जाऊन बसते. पण जुलैचा फोटो कोणी टाकत नाही. कपाटातल्या चामड्याच्या चपलांना पांढरी बुरशी, गोधड्या चार दिवस वाळत नाहीत, अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ असं की वयस्कर माणसाने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना दहा वेळा विचार करावा. वीज गेली की गेली. संध्याकाळी डास. पुण्याहून निवृत्त होऊन इकडे घर बांधायला निघालेल्या ओळखीच्या जोडप्याला मी एकच सल्ला दिला होता, आधी एक अख्खा पावसाळा भाड्याने राहा. ते राहिले, आणि नंतर घर बांधलं. तेव्हा हे सगळं कोणाला घाबरवायला लिहीत नाहीये.

प्लॉटवाल्याला विचारायचा खरा प्रश्न वेगळाच आहे. संडासाचं पाणी कुठे जाणार? तळ्याच्या वरच्या उतारावर वीस बंगले झाले, प्रत्येकाने शोषखड्डा खणला, आणि खाली पुन्हा तोच छिद्रांचा जांभा. पाणी उतारानेच येणार. एजंटाकडे इंटरनेटचा स्पीड, विमानतळाचं अंतर, सगळ्याची उत्तरं तयार असतात. याचं नसतं.

कायदा आहे की, असं कोणी म्हणेल. 2017 च्या पाणथळ जागांच्या नियमांत काठापासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम नको असं आहे. ते अंतर नियम लागू होण्याआधीच्या 10 वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून मोजायचं. पण त्याच नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय व्याख्येतून वगळले आहेत. पाचशे वर्षांचं माणसाने बांधलेलं तळं, त्यात पक्षी, मासे, कमळं, देवी, सगळं नांदतंय. आता ते कुठल्या रकान्यात बसवायचं? वकील मंडळी यावर पोट भरतात. तोवर गावाने डोळे उघडे ठेवायचे.

दुसरी बाजूही मला माहीत आहे. माझ्या पुतण्याने मला तोंडावर सांगितलं, "काकी, तुमका खोल्ये आसत, म्हणान तुमका सोपा." बरोबर आहे त्याचं. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून मुलांनी रोजगाराची वाट बघितली आणि शेवटी बरीचशी गोव्याची बस धरून गेली. त्याला बोटीत पैसा दिसतो. मी म्हणते, वल्ह्याची होडी चालव, लाइफ जॅकेट सक्तीचं कर, पहाटे माणसांना पक्षी दाखवायला ने. इंजिन नको. तो म्हणतो, पहाटे उठणारं गिऱ्हाईक आणून दे. हा वाद आमच्या पडवीत अजून चालू आहे, आणि दर वेळी मी जिंकते असं नाही.

एका गोष्टीवर मात्र आमचं दोघांचं एकमत आहे. बांधावर गाडी चढवून, डिकीतला स्पीकर लावून, बाटल्या फोडणाऱ्यांसाठी तळं नाही. ज्या पायऱ्यांवर माणसं अनवाणी उतरतात तिथे काचा पडतात. पूर्वी म्हणे लग्नघरची माणसं फुलांची परडी पाण्यात सोडायची आणि देवी तळ्यातून दागिने द्यायची. लग्न झालं की परत करायचे. मग कोणीतरी परत केले नाहीत आणि देणं थांबलं. गोष्ट खरी असो नसो, लहानपणी ऐकलेली मुलं तळ्यात कचरा टाकत नाहीत, एवढं मी पाहिलंय.

आणि पोहायचं म्हणाल तर कृपा करून उतरू नका. समुद्रावर पोहणाऱ्यांना तळं सोपं वाटतं, लाट नाही म्हणून. खाली गाळ असतो, पाणवनस्पतीत पाय अडकतो आणि काठाची खोली अचानक बदलते.

तर खोल्या आहेत, मे महिन्यातही एखादी मिळेल. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी मासे मिळाले तर मासे, नाहीतर कुळथाची पिठी. गाडी आमच्या अंगणात लावायची, बांधावर नाही. रात्री दहानंतर गाणी नकोत. स्पीडबोट हवीच असेल तर तारकर्ली इथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे, रस्ता मी सांगेन.