पानं किती धरू?

लग्न ठरल्यावर मुलगा काय करतो, पगार किती, हे विचारून झालेलं असतं. खरा घाम केटररच्या प्रश्नानं फुटतो: "पानं किती धरू?"

भाचीच्या लग्नात हे खातं माझ्याकडे आलं. मी गणितात बीएस्सी आहे, आणि त्या पदवीचा घराला तोवर काहीच उपयोग झाला नव्हता.

पत्रिकांची यादी हाताशी होती. पण पत्रिकेवर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' छापतो आणि मनात 'दोघंच या' म्हणतो. याला गुणायचं कशानं? नागपूरकर फोनवरून आशीर्वाद देतील. डोंबिवलीकर सहकुटुंब, सहपरिवार आणि सशेजारी येतील. त्यात वैशाखातला मुहूर्त. त्या दिवशी गावात आणखी चार लग्नं. माणूस अक्षता एका हॉलात टाकतो आणि जेवतो दुसऱ्यात. कुठं जेवायचं ते मठ्ठ्यावर ठरतं.

शेवटी घरच्यांची बैठक बोलावली. आबांनी विड्याला चुना लावता लावता जाहीर केलं, "साडेतीनशे." झालं! काकू म्हणाली तीनशे चाळीस, आतेभाऊ म्हणाला तीनशे साठ. (आपल्याकडे आकड्याच्या शेवटी एक येतो तो आहेराच्या पाकिटावर. अंदाजाच्या शेवटी कायम शून्य.) आबांना आधार विचारला, तर १९८९ साली धाकट्या काकाच्या लग्नात तेवढे जेवले होते म्हणे.

मी त्यांना इंग्लंडमधल्या प्लिमथची गोष्ट सांगितली. १९०६ साली तिथल्या जनावरांच्या प्रदर्शनात एक बैल उभा केला होता. तो कापून साफ केल्यावर वजन किती भरेल, ते ओळखायचं. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञानं लोकांच्या ७८७ चिठ्ठ्या चढत्या क्रमानं लावल्या. बरोबर मधली निघाली १२०७ पौंडांची, आणि खरं वजन होतं ११९८!

"लग्नघरात बैल कापायच्या गोष्टी कसल्या करतोस?" काकू म्हणाली.

पण गंमत बैलात नाहीच. तिथं प्रत्येकानं सहा पेन्स मोजून, आपलं डोकं चालवून चिठ्ठी भरली होती. आमच्याकडे अंदाज फुकट, आणि तोही आबांच्या देखत. म्हणून मीही चिठ्ठ्या वाटल्या आणि माणशी दहा रुपये मागितले. पैसे कुणीच दिले नाहीत. चिठ्ठ्या मात्र आल्या. एकीवर 'आबा म्हणतील ते'. दुसरीवर 'जिलेबी नको, श्रीखंड'. आजीनं कुणाला बोलवायचं नाही त्यांची नावं दिली होती, पाठपोट.

केटररला फोन करून म्हटलं, आकडा अजून निघत नाहीये.

"साहेब, घरातलं मोठं माणूस किती म्हणतंय?"

"साडेतीनशे."

"मग मी तीनशे धरतो. त्यांना साडेतीनशेच सांगा."